चौदा अंडी, हमी नाही

बारा अंडी मागवली की बारा पिल्लं होतात, अशी माझी सरळ समजूत होती. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाची समजूत अशीच असणार. दुकानदाराच्या तराजूत किलोचं वजन ठेवलं की काटा किलोवरच थांबला पाहिजे. नाही थांबला तर मी पावती फाडतो. अंड्यांच्या बाबतीत पावती कोणाच्या नावानं फाडायची, हा प्रश्न मला बराच उशिरा पडला.

कोंबड्या पाळाव्याशा का वाटल्या, ते सांगत बसत नाही. आमच्या घरामागे चार पावलांचं अंगण आहे, त्यात आधीच्या मालकांनी मागे ठेवलेलं एक रिकामं खुराडं आहे, आणि एका रविवारी फोनवर मला गोंडेवाल्या कोंबडीचा फोटो दिसला. एवढं पुरे. डोक्यावर पिसांचा असा भरगच्च गोंडा, की तिला समोरचं दिसतं की नाही याची शंका यावी. पायांत पिसांचे मोजे. आणि चेहऱ्यावर आमच्या उपसंचालकांच्या चेहऱ्यावर असते तशी शांत तुच्छता. अशी कोंबडी आपल्या अंगणात आपल्याच मागेपुढे फिरते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी वाहवत गेलो.

"कोंबडीच आणा की," बायको म्हणाली. "अंडी कशाला?"

"कोंबडी विकत घेणं वेगळं आणि घडवणं वेगळं," मी म्हणालो. हे वाक्य मला त्या क्षणी फार आवडलं होतं.

अंडी विकणाऱ्या बाईंच्या ऑनलाइन पानावर खाली बारीक अक्षरात दोन पडदे भरून अटी होत्या. दुसऱ्याच्या यंत्रावरची बारीक अक्षरं मी भिंग लावून वाचतो. इथे मात्र अंगठा सर्रकन खाली नेला, 'सर्व अटी मान्य' या चौकटीत खूण केली आणि बारा अंडी मागवली. सोबत एक छोटा इन्क्युबेटरही मागवला, पिवळ्या बुडाचा आणि पारदर्शक झाकणाचा. तो आधी आला. अंडी यायची होती ती पार्सल कचेरीत अडकली.

कचेरीतून निरोप आला तो 'स्वतः येऊन खुलासा करावा' असा. लोकांना खुलासा करायला बोलावण्यात माझी हयात गेली. स्वतः खुलासा करायला जाणं हा माझ्यासाठी नवा अनुभव होता. खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेला एक कारकून बसला होता. माझा खोका त्याच्या टेबलावर होता आणि त्यावर बाईंनी लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'हळू. आत जीव आहे.'

"जिवंत प्राणी पार्सलनं पाठवता येत नाहीत," कारकून म्हणाला.

"प्राणी नाहीत. अंडी आहेत."

"मग खाद्यपदार्थ." त्यानं दुसरा अर्ज काढला. "नाशवंत. त्याचा शिक्का नाही ह्याच्यावर."

"खायची नाहीत. उबवायची आहेत."

त्यानं लेखणी खाली ठेवली. "म्हणजे आत्ता ती जिवंत आहेत की नाहीत?"

"अजून नाहीत. होतील."

"कधी?"

"एकवीस दिवसांनी."

"एकवीस दिवसांनी काय होईल ते माझ्या अर्जात बसत नाही. आत्ता काय आहे ते सांगा."

मला त्याचा राग आला, पण मनातल्या मनात आदरही वाटला. त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. शेवटी त्यानं 'वस्तूचं स्वरूप' या रकान्यात 'अनिश्चित' असं लिहिलं, माझी सही घेतली, आणि आत नेमकं काय आहे याची खात्री करावी म्हणून खोका उचलून कानाशी नेऊन दोनदा खुळखुळवला. मी खिडकीच्या गजांतून दोन्ही हात आत घातले होते. तरी उशीर झाला.

घरी खोका उघडला तेव्हा बायको, आमची नववीतली कन्या आणि शेजारचे अनुभवी काका असे तिघं हजर होते. अनुभवी काका लिफ्टच्या कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचं प्रत्येक वाक्य 'मी अनुभवानं सांगतो' असं सुरू होतं, म्हणून हे नाव. लिफ्टच्या बाबतीत त्यांचा अनुभव दांडगा आहेच. बाकी विषयांत तो त्यांनी गरजेप्रमाणे वाढवत नेला आहे.

खोक्यात फोमच्या खळग्यांत एकेक अंडं कागदात गुंडाळून ठेवलं होतं. बारा नव्हे, चौदा. एकाला तडा गेला होता, ते बाजूला काढलं. दुकानदार मागितल्यापेक्षा जास्त देतोय, हे मला कामात कधी दिसलेलं नाही, त्यामुळे मला आधी संशयच आला. तळाशी घडी केलेला कागद होता. तो कन्येनं मोठ्यानं वाचला.

"'अंडी प्रवासानं दमलेली असतात. टोकाची बाजू खाली करून पूर्ण एक दिवस घरातल्या साध्या हवेत स्वस्थ ठेवा. हलवू नका, फिरवू नका, लगेच गरम यंत्रात ठेवू नका. आतली हवेची जागा नीट बसू द्या.'"

"दमलेली?" काका हसले. "अरे, मी अनुभवानं सांगतो. तीन दिवस गारठलेली आहेत ती. गारठलेल्या माणसाला तू दाराबाहेर एक दिवस उभा करशील, की आत घेशील?"

"कागदावर लिहिलंय ना पण," बायको म्हणाली.

"वहिनी, कागद लिहिणारे कुठे यंत्रं चालवतात?"

यंत्र सकाळपासून तापवून तयार होतं. मीही सकाळपासून तापून तयार होतो. खोटं कशाला सांगू, काकांचं पटलं म्हणून नव्हे, तर मला धीर धरवत नव्हता म्हणून मी तेरा अंडी लगेच यंत्रात मांडली. काका म्हणाले, दर तासाला फिरव, म्हणजे ऊब सगळीकडून लागेल. मी दर तासाला फिरवली. बायकोनं तो कागद उचलून नीट घडी घालून फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला. आमच्या घरात याला निषेध म्हणतात.

पुढचे दहा दिवस मी आदर्श होतो. अंडी फिरवल्याची वेळ, सही, शेरा अशी वही ठेवली. मी कचेरीत असताना बायको फिरवायची, पण सही करायची नाही, त्यामुळे तेवढ्या रकान्यांत मी 'तोंडी' असं लिहायचो. यंत्राच्या स्वतःच्या आकड्यावर मात्र माझा विश्वास नव्हता. कोणत्याही यंत्राचं स्वतःबद्दलचं मत मी ग्राह्य धरत नाही. कचेरीच्या जुन्या सामानातला एक थर्मामीटर माझ्याकडे होता, तो आत ठेवला. तो यंत्रापेक्षा अर्धा अंश जास्त दाखवत होता. मी यंत्राचा काटा माझ्या थर्मामीटरप्रमाणे खाली आणला आणि यंत्राला त्याची जागा दाखवल्याचं समाधान मिळवलं.

दहाव्या दिवशी अंड्यांमागून उजेड टाकून आत काय चाललंय ते बघायचं असतं. त्याला अंधार लागतो. भर दुपारी अंधार फक्त आमच्या बाथरूममध्ये असतो, म्हणून मी, बायको, कन्या आणि काका असे चौघं बाथरूममध्ये शिरलो. कन्येनं टॉर्च धरला. काका बादलीवर बसले.

पहिलं अंडं नुसतं पिवळं, स्वच्छ. आत काही नाही. दुसरंही तसंच. तिसऱ्यात वरच्या बाजूला हवेचा एक बुडबुडा पाण्याच्या बाटलीतल्यासारखा इकडून तिकडे डुलत होता. चौथ्या अंड्यात मात्र बारीक लाल रेषा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि मध्ये एक ठिपका. ठिपका हलला.

"आई गं," बायको म्हणाली. एवढंच.

मी तो ठिपका बघायचा सोडून मोजत होतो. तेरातली आठ कोरी निघाली. पाच जीव धरलेली. मागवली बारा, हातात पाच. माझ्या डोक्यात पावती फाडण्याचा आवाज झाला.

त्याच संध्याकाळी मी विक्रीच्या पानावर बाईंना एक तारा दिला आणि अभिप्राय लिहिला: 'मागणी बारा. प्राप्त चौदा. भग्न एक. निर्जीव आठ. मालाचा दर्जा असमाधानकारक. ग्राहकांनी सावध राहावे.' काकांनी वाचून 'सावध'च्या आधी 'अत्यंत' घालायला सांगितलं. घातलं.

दुसऱ्या दिवशी मी शर्टाला इस्त्री करत असताना फोन आला.

"साहेब, मी अंडीवाली बोलते," पलीकडून बाईंचा आवाज. मागे कोंबड्यांचा कलकलाट. "तुमचं वाचलं. आठ कोरी म्हणजे वाईटच वाटलं."

मी भांडणाच्या तयारीत होतो. समोरच्याला वाईट वाटलं तर पुढे काय बोलायचं, याचा मला सराव नाही.

"बाई, बारा मागितली की बारा पिल्लांची अपेक्षा असते ग्राहकाची."

"माझी सहाची असते," त्या म्हणाल्या. "प्रवास करून आलेल्या अंड्यांतून निम्मी निघाली तरी आम्ही खूश असतो. दोन जादा घालते ती त्याच्यासाठीच. मी अंडं चांगलं देऊ शकते, साहेब. रस्ता चांगला देऊ शकत नाही. तसं लिहिलंय मी तिथे, हमी नाही म्हणून."

"बारीक अक्षरात लिहिलंय."

"मोठ्या अक्षरात खोक्यावर लिहिलं होतं. त्याचं काय झालं?"

मला कारकुनाच्या कानाशी खुळखुळणारा खोका आठवला. मी विषय बदलावा म्हणून म्हणालो, "कशावरून अंडीच खराब नव्हती?"

"असतील बापडी. पण त्याच दिवशीची दहा माझ्याकडे कोंबडीखाली आहेत, त्यातली नऊ धरलीत. म्हणून विचारते, राग मानू नका. आल्यावर एक दिवस स्वस्थ ठेवली होतीत ना?"

इथे मी एक श्वास घेतला. समोर फ्रिज होता. फ्रिजवर कागद होता. कागदाशेजारी बायको उभी होती.

"हो," मी म्हणालो. "ठेवली होती."

"मग काय, नशीब एकेकाचं," बाई म्हणाल्या. "अभिप्राय काढा असं मी म्हणत नाही. तुम्हाला वाटलं ते लिहिलंत. आज सकाळपासून दोघांनी मागणी परत घेतली, ते चालायचंच. ती पाच मात्र जपा. अठराव्या दिवसापासून फिरवायचं नाही आणि झाकण उघडायचं नाही."

फोन ठेवला तेव्हा शर्टाच्या बाहीवर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला होता. बायकोनं इस्त्री बंद केली. बावीस वर्षांत मी दुकानदारांची किती खोटी उत्तरं ऐकली असतील! सगळे अगदी असाच श्वास घेतात. मी नेहमी त्या श्वासावरून ओळखतो. तो आता माझ्या नाकातून आला होता.

त्यानंतर मी दिवसातून चार वेळा ते पान उघडून माझा अभिप्राय वाचू लागलो. 'अत्यंत' हा शब्द दर वेळी मोठा वाटायचा.

सतराव्या दिवशी कन्येला जरा कणकण होती. तिनं स्वतःचा ताप मोजला आणि उगीच चाळा म्हणून तोच थर्मामीटर यंत्रातही ठेवला. मग माझा बघितला. मग यंत्राचा आकडा बघितला. मग मला हाक मारली.

"बाबा, यंत्र आणि हा सारखं दाखवतायत. तुमचा जास्त दाखवतोय."

"तुझा तापाचा आहे. त्याचं काम वेगळं."

तिनं माझा थर्मामीटर माझ्याच काखेत दिला. मला ताप निघाला. मला ताप नव्हता. म्हणजे सोळा-सतरा दिवस अंडी हवी त्यापेक्षा गार होती, आणि लोकांच्या तराजूंना टाळं लावणारा मी, घरात खोटं माप वापरत बसलो होतो. मी यंत्राचा काटा जागेवर आणला. थर्मामीटर ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली ठेवला. कन्येनं या विषयावर एक शब्दही काढला नाही, आणि हा सभ्यपणा तिनं कोणाकडून घेतला ते मला कळलं.

एकविसावा दिवस उजाडला. पाचही अंडी ढिम्म. मी रजा टाकून यंत्रासमोर स्टूल घेऊन बसलो होतो. दुपार झाली, चार वाजले. काका दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी चप्पल काढली नाही, म्हणजे उभ्याउभ्याच सांत्वन करून जाणार होते.

"मी अनुभवानं सांगतो. एकवीस म्हणजे एकवीस. आता वास यायच्या आत बंद कर."

एकवीस म्हणजे एकवीस हे मला पटणारं होतं. मी उठून बटणाकडे हात नेला.

"हात लावायचा नाही," बायको म्हणाली. ती दारात उभी होती. आवाज चढवला नव्हता. "बंद करायचं की नाही ते मी बघीन. तुम्ही उद्या कामावर जा."

"पण एकवीस दिवस..."

"तुमच्या मोजण्यानं पुष्कळ झालं."

काकांना अचानक घरी काम आठवलं. मी बटणावरचा हात काढला. तो कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून खिशात घातला.

तेविसाव्या दिवशी सकाळी मी बाजारातल्या एका किराणा दुकानात तराजू तपासत होतो. दुकानदार आधीच घामाघूम झाला होता. मी वजन ठेवणार तेवढ्यात फोन वाजला.

"ऐका," बायको म्हणाली आणि पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. तिनं फोन यंत्राला लावला होता. आधी नुसती घरघर. मग एक आवाज. शिट्टी म्हणावी तर फार लहान, तक्रार म्हणावी तर फार ठाम. चिव. थोडं थांबून पुन्हा, चिव.

माझ्या हातातलं किलोचं वजन हातातच राहिलं. फोन स्पीकरवर नव्हता, तरी शांततेत दुकानदारालाही ऐकू गेलं.

"साहेब, घरी काही..?"

"पिल्लू," मी म्हणालो. "अंड्याच्या आतून बोलतंय."

त्या माणसाचा चेहरा उजळला. वास्तविक त्याच्या तराजूत थोडा फरक होता. मी त्याला दुरुस्तीसाठी आठ दिवसांची मुदत लिहून दिली. ती नियमात आहे. मात्र मी ती याआधी कोणालाही दिलेली नव्हती. कचेरीत येऊन अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरला. कारण या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. साहेबांनी विचारलं, घरगुती म्हणजे काय? मी खरं ते सांगितलं. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

संध्याकाळपर्यंत तीन बाहेर आली. पहिलं तर आलं ते ओलं, चिंधीसारखं, आणि उरलेल्या अंड्यांवर डोकं आपटून पडलं. मला वाटलं संपलं. ते फक्त झोपलं होतं. तासाभरात त्याची पिसं फुलली आणि डोक्यावर बोराएवढा गोंडा उभा राहिला. उरलेल्या दोन अंड्यांतून काही आलं नाही. आम्ही आणखी दीड दिवस वाट बघितली, मग बायकोनं ती अंगणात कोपऱ्यात पुरली. मी खड्डा खणून दिला.

दुसऱ्या दिवशी मी अभिप्राय दुरुस्त करायला बसलो. पानावर तशी सोयच नव्हती. मदत कक्षाला लिहिलं. उत्तर आलं, 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' मी लिहिलं, माझं मत चुकीचं होतं. उत्तर आलं, 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' तिसऱ्यांदा लिहिलं की मला ते मागे घ्यायचं आहे. तेव्हा कळवण्यात आलं की खरे अभिप्राय कायम ठेवण्याचं त्यांचं धोरण आहे. मोठ्या खटपटीनंतर त्याखाली एक ओळ जोडायची परवानगी मिळाली. मी लिहिलं: 'अंडी उत्तम होती. आल्यावर स्वस्थ ठेवली नाहीत, ही चूक माझी. तीन पिल्लं सुखरूप.' काकांना दाखवलं नाही.

पण लिहून भागणार नव्हतं. शर्टाला त्रिकोण पाडणारी ती थाप तोंडानं मारलेली होती, तिचं निवारण तोंडानंच व्हायला हवं होतं. रविवारी सकाळी मी अंगणातल्या पायरीवर बसलो. एक पिल्लू डाव्या तळहातावर घेतलं, थोडा धीर यावा म्हणून, आणि उजव्या हातानं फोन लावला.

"ताई, मी बोलतोय. एक तारावाला."

"बोला साहेब."

"त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. अंडी एक दिवस ठेवली नव्हती. आल्या आल्या यंत्रात घातली आणि दर तासाला फिरवली."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या.

"कसं काय?"

"वहिनींचा फोन आला होता ना. एकविसाव्या दिवशी, दुपारी. यंत्र बंद करू का म्हणून विचारत होत्या. सगळं सांगितलं त्यांनी, शेजाऱ्यांचं, थर्मामीटरचंही. मी म्हटलं, गार राहिली असतील तर दोन दिवस उशीर होतोच, तेविसाव्यापर्यंत कोणाला हात लावू देऊ नका."

मी मागे वळून बघितलं. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी पुसत होती. ती भांडं अगदी मन लावून पुसत राहिली.

"तुम्ही मला काही बोलला नाहीत त्यानंतर," मी फोनमध्ये म्हणालो.

"काय बोलायचं? तुम्ही फोन कराल असं वहिनी म्हणाल्या होत्या. फक्त वेळ लागेल म्हणाल्या." त्या हसल्या. "मागण्या पुन्हा आल्यात, त्याची काळजी करू नका. पिल्लं कशी आहेत ते सांगा."

मी सांगणार होतो. दोन खातात चांगली, तिसरं जरा हट्टी आहे, असं काहीतरी. पण हातावरच्या पिल्लाची मान हळूहळू खाली गेली. आधी चोच माझ्या अंगठ्याला टेकली, मग गोंडा. डोळे खालून वर मिटले. त्याचं वजन जाणवेल न जाणवेल इतकंच होतं, आणि ते किती असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

"साहेब? ठेवू का फोन?" ताईंनी विचारलं.

"तुम्हीच ठेवा," मी हळू आवाजात म्हणालो. "मला हलता येत नाहीये. झोपलंय."

"बरं," त्याही हळू आवाजात म्हणाल्या. पण फोन त्यांनी लगेच ठेवला नाही. पलीकडे त्यांच्या कोंबड्या दाण्यासाठी ओरडत होत्या, त्यांना त्या दबक्या आवाजात रागावत होत्या. "गप्प बसा गं, तिकडे लेकरू झोपलंय."